ओल्या कोपऱ्याची परीक्षा

नीट चाललेल्या यंत्राच्या खोड्या काढायच्या आणि वर त्याचा पगार घ्यायचा, असली नोकरी आहे माझी. नगरच्या एमआयडीसीत आम्ही कांदा चाळीसाठी एक सॉफ्टवेअर केलं. हवा बदलली की कुठल्या कोपऱ्याचा पंखा लावायचा नि कुठला बंद ठेवायचा, हे ते आपलं आपणच ठरवतं. ऑफिसात सगळं झकास चाललं. पण एसीत बसून कांद्याचं काय कळणार, कपाळ? मी सरळ पारनेरजवळचं माहेर गाठलं. वहिनीनं आपली भरलेली चाळ दिली आणि बजावलं, "ताई, वर्साचा कांदा हाय माजा. सडला तर तुमचा लॅपटॉप चुलीत घालीन."

पहिल्याच दिवशी मी एका कोपऱ्यातल्या, हवेतली ओल मोजणाऱ्या सेन्सरला ओलं गोणपाट गुंडाळलं. म्हटलं, बघू, फसतंय का. सॉफ्टवेअरनं बाकीचे कोपरे तपासले, सगळीकडं कोरडं होतं. हा एकटाच खोटं बोलतोय असं ठरवून त्यानं त्याचं ऐकणंच सोडलं. अगदी हवं तसं! चाळीत फुगडी घालायची तेवढी बाकी ठेवली मी. गोणपाट काढलं नि जेवायला गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी शेजारच्या रानातले स्प्रिंकलर सुरू झाले. वारा फिरला आणि फवारा नेमका त्याच कोपऱ्यात शिरला. आता सेन्सर खरंच सांगत होता, पण कालपासून त्याच्यावर भरवसा कोण ठेवतंय? पंखा ढिम्म. अशी परीक्षा मला मागूनही मिळाली नसती. आपली चूक सॉफ्टवेअर आपणहून सुधारतं का, तेवढंच बघायचं होतं.

वहिनी धावत आली, कांद्याला हात लावून पाहिला आणि तडक बटणाकडं निघाली. मी तिचं मनगट धरलं.

"थांब ना जरा. हातानं लावलास तर काहीच कळणार नाही."

"कांदा भिजतोय, ताई."

"थोडंच. अगदी थोडं."

फवारा येतच होता. आणि पंखा घरघरला. आपणहून, त्या एकाच कोपऱ्याचा! मी जागच्या जागी उड्या मारायला लागले.

"आन् लागला नसता तर?" वहिनीनं विचारलं.

"मग काय, तुला लगेच बटण दाबू दिलं असतं की."

वहिनीनं खाली पाहिलं. "मनगट आजून सोडलं न्हाई तुमी," ती म्हणाली.