कै. तात्याराव यांच्या स्मरणार्थ

आमच्या शेजारच्या हिंमतरावांचा जीव शाळेच्या इमारतीत अडकला होता. शिक्षणाची आवड म्हणाल, तर ते चौथीतच असे रमले की मास्तरांनीच कंटाळून पुढे ढकलले. जीव अडकला होता तो शाळेच्या दारावरच्या दगडात. त्या दगडावर बापूरावांच्या वडिलांचं नाव होतं आणि हिंमतरावांच्या वडिलांचं नव्हतं.

हडपसर संपून शेतं सुरू व्हायची, तिथं कालव्याच्या काठाला आमचं गाव. शाळा आधी मारुतीच्या देवळात भरायची. मग बापूरावांचे वडील पोपटराव यांनी जागा दिली, गावानं श्रमदानानं भिंती उचलल्या, आणि हिंमतरावांचे वडील तात्याराव यांनी स्वतःच्या घरासाठी आणलेलं सागाचं आढं छपराला देऊन टाकलं. जागा देणाऱ्याचं नाव दगडात कोरून दारावर बसलं. आढं देणाऱ्याचं नाव आढ्यासारखंच वर अंधारात राहिलं.

"वहिनी, जागा काय, ती देवानं केलेली हाय. आढं आमच्या म्हाताऱ्यानं खांद्यावर आणलं," हे वाक्य मी आमच्या मधल्या भिंतीवरून इतक्यांदा ऐकलंय की त्यांना ठसका लागला तर पुढचं मी पूर्ण करायची.

बापूराव त्यांच्याच वर्गातले, एकाच बसकरपट्टीवरचे. हिंमतराव समोरून येताना दिसले की हे मुद्दाम शाळेच्या दारात थांबणार, उपरण्यानं दगड पुसणार आणि म्हणणार, "काय धूळ बसती हो नावावर!" हिंमतराव दिसत नसले तर धूळ बसायची नाही.

पुढे कौलं गळायला लागली, तेव्हा बापूरावांनी आतून प्लायवूडचं छत ठोकून दिलं. पोरांची डोकी कोरडी राहिली, पण आढं दिसेनासं झालं. हिंमतराव त्या दिवशी जेवले नाहीत. "झाकलं! बाप्यानं माझा बाप झाकला!" उत्तर म्हणून त्यांनी शाळेला पंखा दिला, पात्यांवर लाल रंगात 'कै. तात्याराव यांच्या स्मरणार्थ' असं रंगवून. बटण दाबलं आणि तात्याराव गरगर फिरायला लागले. अक्षर वाचता येईना. मग कुणी साहेब तपासणीला यायचा असला की हिंमतराव मुख्याध्यापिका शर्मिलाबाईंना विनवायचे, "बाई, तेवढा पंखा बंद ठेवा." साहेब घामाघूम व्हायचा, पण नाव वाचून जायचा.

तेवढ्यात आयटी आली. ऊस गेला, काचेच्या इमारती उगवल्या, आणि दोघांच्याही दारात गाड्या उभ्या राहिल्या. हिंमतरावांनी पांढरी घेतली म्हणून बापूरावांनी पांढरीच घेतली, पण वीतभर लांब. आधी मत्सर पायी फिरायचा, आता एसीत बसून फिरायला लागला.

मग एका कंपनीनं शाळा नव्यानं बांधून द्यायची ठरवली. अट एकच : इमारतीवर नाव फक्त कंपनीचं. जुनी शाळा पाडताना पोपटरावांचा दगड दुभंगला. बापूरावांनी दोन्ही तुकडे घरी नेऊन ठेवले. आढं कंत्राटदाराच्या ट्रकमधून कुठे गेलं कुणास ठाऊक. हिंमतराव ट्रकच्या मागे कालव्याच्या पुलापर्यंत चालत गेले. तेव्हा मात्र मला काही चेष्टा सुचली नाही.

नवी शाळा झाली देखणी. वर्गखोल्या कंपनीच्या, पण मुलामुलींची स्वच्छतागृहं गावानं बांधायची, असं ठरलं होतं. शर्मिलाबाईंनी सभा बोलावली. "जो बांधून देईल त्याचं नाव लावू. तिथं कंपनीची हरकत नाही."

एरवी पाण्याच्या माठावरही नाव टाकायला भांडणारं आमचं गाव एकदम छताकडे बघायला लागलं. आजोबांचं नाव, आणि संडासावर?

बापूरावांनी संधी सोडली नाही. "हिंमतराव, तुमच्या तात्यांचं नाव शिल्लकच हाय की. घ्या लावून!"

सभा खदखदून हसली. हसले नाहीत ते हिंमतराव आणि त्यांची नात पूर्वा. ती सातवीत होती. मधल्या सुट्टीत घरी पळत येताना मी तिला रोज बघायची. सकाळपासून घोटभर पाणी प्यायची नाही पोर. त्या संध्याकाळी भिंतीपलीकडून तिचा आवाज आला, "आबा, नावाचं राहू द्या. आम्हांला दार असलेली खोली पाहिजे."

हिंमतराव म्हणाले, "खोली देतो. पन नाव टाकनारच. टाकलं नाही तर बाप्या म्हनंल, लाजला."

मुलींच्या बाजूचं बांधून झालं. फरशी पांढरी, नळाला पाणी, दाराला आतून कडी, आणि दारावर निळ्या रंगात तात्याराव. पहिल्यांदाच वाचता येतील असे, एका जागी स्थिर.

महिन्याभरात पूर्वाच्या तोंडून एक बातमी फुटली आणि हिंमतराव पांढऱ्या रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन तरातरा शाळेकडे निघाले. अशा वेळी शेजारधर्म म्हणून मलाही मागे जावंच लागतं. गेले.

व्हरांड्यात बापूराव आधीच हजर. बातमी त्यांनाही लागली होती. वर्गातून आवाज आला, "बाई, तात्यांकडे जाऊन येऊ?"

"जा, लवकर ये."

थोड्या वेळानं दुसरी. "बाई, मी पण तात्यांकडे!"

"ऐकलं का हिंमतराव?" बापूरावांना हसू आवरेना. "तुमच्या बापाचं काय करून ठेवलं पोरींनी!"

हिंमतरावांनी डब्याचं झाकण काढलं. तेवढ्यात ती पहिली मुलगी उड्या मारत परत आली, हात ओले. बापूरावांना काय वाटलं कोण जाणे, तिला अडवून म्हणाले, "ए बाळ, या शाळेला जागा कुनी दिली, ठावं हाय का? पोपटरावांनी!"

"कोण पोपटराव?" मुलीनं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता वर्गात गेली.

बापूरावांचं हसू जिथल्या तिथे राहिलं. आतून तिसरी म्हणत होती, "बाई, तात्यांकडे..."

हिंमतरावांनी कान देऊन ऐकलं. मग डब्याचं झाकण परत दाबून बसवलं आणि उपरण्यानं दारावरची निळी अक्षरं हळूच पुसली. "काय धूळ बसती हो नावावर," ते म्हणाले.

बापूराव तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत शर्मिलाबाईंच्या खोलीत शिरले. दार उघडंच होतं, म्हणून मला ऐकू आलं.

"बाई, मुलांच्या बाजूचं अजून कुनी घेतलं न्हाई ना?"

घेतलं नव्हतं. आता तिथं पोपटराव आहेत, टाइल्स तात्यारावांपेक्षा भारी. हिंमतराव ते बघून आल्यापासून पुन्हा नीट जेवत नाहीत.

आमचे सासरेही शाळेच्या श्रमदानात होते, त्यांचं नाव कधी कुणी घेतलं नाही. हात धुवायच्या नळावर जागा आहे का, ते मी बाईंना विचारून ठेवलंय.