आक्काताईंनी बाद केलेली निळी स्प्रिंग

आक्काताई कांबळे यांनी चोवीस वर्षं संशय घेण्याचा पगार घेतला. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत स्प्रिंगा बनवणाऱ्या एका कारखान्यात त्या तपासणीच्या टेबलावर होत्या. समोर ढीग यायचा. एकेक स्प्रिंग उचलायची, ताणायची, तिच्यावरून नख फिरवायचं आणि खोट निघाली की लाल क्रेटमध्ये टाकायची. हजारो चांगल्या स्प्रिंगांबद्दल त्यांना कुणी शाबासकी दिली नाही. एखादी वाईट निसटली की मात्र सुपरवायझर टेबलापाशी उभा. ही सवय त्यांच्याबरोबर घरीही आली. भाजीवाल्याचा काटा, गॅसच्या टाकीचं सील, जावयाचं गोड बोलणं, सगळ्याची त्या एकदा तपासणी करत.

उचगावहून कंपनीच्या बसनं जाणं-येणं, आठ तास बिनपाठीचं स्टूल, वाकून क्रेट ओढणं. पन्नाशी ओलांडली आणि कंबरेनं जी कळ धरली ती सोडलीच नाही. तीन वर्षांपूर्वी त्यांनी काम सोडलं. एक्स-रे झाले, एमआरआय झाला. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशनची गरज नाही. पाठीचे आणि पोटाचे स्नायू ढिले पडलेत, जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली व्यायाम करा.

"ऑपरेशन नको म्हणतोय, म्हंजे ह्याला काय कळालेलं न्हाय," बाहेर येऊन आक्काताई म्हणाल्या.

धाकटी मुलगी दीक्षा बँकेत आहे. तिनं चार ठिकाणी चौकशी केली आणि एका शनिवारी आईला रिक्षात घालून ताराबाई पार्कात आणलं. तिथं संयोगिता नावाची फिजिओथेरपिस्ट पिलाटेसचे, म्हणजे पोट-पाठीचे स्नायू बळकट करणारे व्यायाम शिकवते. खोलीत अरुंद पलंगासारखी दोन लाकडी यंत्रं होती. पलंगावर रुळांवरून पुढंमागं सरकणारी गादी, एका टोकाला पाय टेकायचा दांडा. दीक्षा भिंतीवरच्या मोठ्या आरशाकडं बघत होती. आक्काताईंची नजर थेट गादीखाली गेली.

"स्प्रिंगा हायत ह्याला," त्या दोन पावलं मागं सरल्या. "चल घरी."

स्प्रिंग काय करू शकते हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. ताणाच्या मशीनवरून एकदा हूक निसटला आणि शेजारच्या बाईची भुवई फाटली. चार इंच खाली लागला असता तर तिचे दात गेले असते.

दीक्षानं कसंबसं त्यांना खुर्चीवर बसवलं. फॉर्म आला. आडनाव लिहिताना आक्काताईंनी नेहमीप्रमाणे समोरचीच्या चेहऱ्याकडं पाहिलं. संयोगिताचा चेहरा बदलला नाही. आक्काताईंना तेवढ्यानं भागलं नाही. शेजारच्या यंत्रावरून उतरणाऱ्या मोना नावाच्या बाईंना संयोगिता म्हणाली, "काकू, सावकाश." मग इकडं वळून, "मावशी, चला."

"तिला काकू, मला मावशी का गं?"

दीक्षानं मान खाली घातली.

"चुकलं माझं," संयोगिता म्हणाली. "तुम्हाला काय म्हणू?"

"आक्काताई म्हण. आणि त्या स्प्रिंगा काढ सगळ्या. इथं टेबलावर ठेव. बघितल्याबिगार मी काय झोपत न्हाय."

संयोगितानं पाचही स्प्रिंगा सोडवल्या आणि रांगेत ठेवल्या. तीन लाल, एक निळी, एक पिवळी. ताणायला लाल सगळ्यात जड, पिवळी सगळ्यात हलकी. आक्काताईंनी चष्मा चढवला. हूक बघितले, एकेक स्प्रिंग उजेडासमोर धरली. निळीपाशी त्या थांबल्या. हुकाजवळच्या दोन वेढ्यांमध्ये केसाएवढी फट होती.

"न ताणता हिचे वेढे एकमेकांना चिकटून पायजेत. हितं उजेड दिसतोय. ही गेली."

"पण यंत्राच्या कंपनीनं दोन वर्षांनी बदला म्हणून सांगितलंय. पंधराच महिने झालेत."

"दिवसाला किती माणसं झोपत्यात हिच्यावर?"

"दहा-बारा."

"मग? कॅलेंडर बघून स्प्रिंग मरत न्हाय पोरी. किती बारी ताणली, त्यावर मरती."

संयोगितानं वाद घातला नाही. तिनं ती निळी स्प्रिंग कपाटात टाकली आणि नवी मागवते म्हणाली. एवढ्या सहज कबूल झाली याचाच आक्काताईंना संशय आला. निघताना त्यांनी दीक्षाच्या पर्समधली नेलपॉलिश काढली आणि कपाट उघडून त्या स्प्रिंगच्या हुकावर ठिपका दिला. पुढच्या वेळी आल्या आल्या त्यांनी गादीखाली ठिपका शोधला. तिथं नवीकोरी निळी होती. मग त्या आडव्या झाल्या.

पाठ टेकलेली, गुडघे दुमडलेले, तळवे दांड्यावर. पायांनी ढकललं की गादी मागं सरकायची.

"ढकलणं सोपं आहे," संयोगिता म्हणाली. "परत येताना स्प्रिंग तुम्हाला ओढेल. तिला ओढू द्यायचं नाही. तुम्ही सावकाश यायचं."

स्प्रिंग जितकी ताणावी तितकी जोरात ओढते, हे आक्काताईंना कुणी शिकवायला नको होतं. पण त्या ओढीला आपल्या पोटानं, मांड्यांनी लगाम घालायचा हे नवं होतं. कमरेवर उभ्या अंगाचा भार नव्हता, धक्का नव्हता. कळ आली नाही.

"दुखलं न्हाय," घरी जाताना त्या रिक्षात म्हणाल्या. "दुखलं न्हाय म्हंजे काय झालंच न्हाय."

"किती दिवसांत बरं वाटेल?" असं दीक्षानं विचारलं होतं, तर संयोगितानं "सांगता येत नाही" असं उत्तर दिलं होतं. तेही त्यांच्या मनात सलत होतं.

तिसऱ्या आठवड्यात घोटाळा झाला. मोनाबाईंच्या यंत्राला तीन लाल लागलेल्या आक्काताईंनी पाहिल्या. आपल्याला एक लाल आणि एक निळी. आपल्याला पोराबाळांचा व्यायाम देऊन ही वेळ काढतेय, असं त्यांनी ठरवून टाकलं. संयोगिता फोन घ्यायला दारात गेली तशी त्यांनी उठून दुसरी लाल अडकवली. चौथ्या ढकलण्याला कंबरेत अशी कळ आली, की त्यांना दोन दिवस कुशीवरून कुशीवर वळता आलं नाही.

"बघ, सांगितलं होतं की न्हाय मी?" त्या दीक्षाला म्हणत राहिल्या. संयोगिता रोज फोन करून विचारायची. शेवटी तिनं दीक्षाला एकच विचारलं, "मी दोनच लावल्या होत्या, फोनवरून परत आले तेव्हा यंत्रावर तीन स्प्रिंगा होत्या. आई काही बोलल्या?"

दीक्षानं ते आईला विचारलं.

"मीच लावली," आक्काताई म्हणाल्या.

डॉक्टरांनी तपासून नवं काही बिघडलं नाही असं सांगितल्यावर त्या परत गेल्या. आता संयोगिता आपल्याला ऐकवणार, हे त्यांनी धरलंच होतं. तिनं ऐकवलं नाही. तिनं सगळ्या स्प्रिंगा काढून फक्त पिवळी ठेवली आणि आक्काताईंना गादीवर गुडघ्यांवर बसवून हात दांड्यावर ठेवायला लावले.

"आता गादी इंचभर मागं न्या आणि तिथंच थांबा."

एवढी हलकी स्प्रिंग! आक्काताई तुच्छतेनं मागं सरल्या आणि पोट थरथरायला लागलं.

"हे काय गं? हलकी हाय की ही!"

"जड स्प्रिंग इथं तुम्हाला धरून ठेवते. हलकी धरत नाही, मग तुमच्याच पोटाला धरावं लागतं. कुठं जड लावायची, कुठं हलकी, हेच तर माझं काम."

आक्काताईंनी सहा श्वास होईपर्यंत तसंच धरून ठेवलं. घामानं ब्लाउज भिजला.

आठवड्यातून दोनदा, चार महिने त्या गेल्या. प्रत्येक वेळी आधी स्प्रिंगा तपासल्या. संयोगितानं भिंतीवर कागद लावला, त्यावर त्या तारीख आणि शेरा लिहायच्या. मोनाबाईंच्या यंत्रावरची एक लालही त्यांनी बाद केली, तेव्हापासून मोनाबाई त्यांना विचारल्याशिवाय आडव्या होत नाहीत.

वैशाख पौर्णिमेला उचगावच्या विहारात वंदना होती. दोन वर्षं आक्काताई मागं प्लास्टिकच्या खुर्चीवर बसायच्या. त्या दिवशी खुर्च्या अजून यायच्या होत्या, म्हणून त्या सतरंजीवर बसल्या. वंदना संपली, बायका उठल्या, त्याही उठल्या. चार पावलं गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण भिंत धरली नव्हती. त्यांनी मागं वळून बघितलं; कुणी हात दिला होता का? कुणी नव्हतं.

शेजारची बायडाबाई बघत होती. "अगं, कंबर बरी झाली की तुजी! कशानं?"

"बरी झाल्या का न्हाय, अजून बघालोय," आक्काताई म्हणाल्या, आणि खिरीची वाटी घ्यायला वाकल्या.