वीणाचं दूध

हे मी आजवर कुणापाशी बोललेले नाही. नवऱ्यापाशी नाही, देवापाशीही नाही. आणि आमच्या गल्लीत पावलागणिक देव आहेत, तेव्हा संधी मिळाली नाही असं म्हणायची सोय नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असता तर तुम्हालाही सांगितलं नसतं.

आम्ही काशीतले मराठी. मंगला गौरीच्या देवळामागे घर. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी, भांडताना दोन्ही. नऊ वर्षांपूर्वी घरात माणसं मोजकी होती. सासरे, माझे यजमान, धाकटे दीर, त्यांची बायको वीणा आणि वीणाची पाच महिन्यांची मुलगी रेवा. मी थोरली जाऊ. लग्नाला सतरा वर्षं झाली होती आणि मला मूल नव्हतं. हे कारण म्हणून सांगत नाही. माहीत असावं, एवढंच.

वीणा वाईट असती तर किती बरं झालं असतं! जावांच्या भांडणात सगळं खपून जातं. पण ती नागपूरहून आली तीच मला "ताई, ताई" करत आली. बाळ झाल्यावर पहिल्यांदा माझ्या ओटीत घातलं तिने, आपल्या आईच्या आधी. म्हणाली, ही तुम्हाला मोठी आई म्हणेल. मी हसले. मी फार चांगली हसते, गल्लीत विचारा कुणालाही.

त्या वर्षी इथला सावन लागला होता, आपला श्रावण लागायला अजून पंधरा दिवस होते. वीणाच्या पोटात दुखू लागलं. पित्ताशयात खडे निघाले, आणि नुसते खडे नाहीत, आत पू झालेला. ऑपरेशन थांबवता येणार नव्हतं. शहराच्या दुसऱ्या टोकाला एका दवाखान्यात तिला दाखल केलं. तिने डॉक्टरीणबाईंना पहिला प्रश्न विचारला तो आपल्या जिवाचा नाही, बाळाच्या दुधाचा. आणि बाईंनी माझ्यादेखत स्वच्छ सांगितलं की भुलीतून नीट जागी झालीस की तुझं दूध बाळाला चालेल, औषधंही त्याच बेताने देऊ. फक्त छाती वेळेवर मोकळी करत राहा, नाहीतर दूध आटेल. हे त्यांचं बोलणं तुम्ही लक्षात ठेवा. मी ठेवलं होतं.

तान्ह्या बाळाला त्या वॉर्डात आणू देत नव्हते. म्हणून ठरलं की वीणा पंपाने दूध काढेल आणि मी रोज ते घरी नेऊन रेवाला पाजेन. घरात दुसऱ्या कुणाचं नाव निघालंसुद्धा नाही. का निघावं?

सकाळी रेवा दिरांपाशी असे. मी डबा घेऊन दवाखान्यात जायची, परतताना बर्फाच्या डब्यात दुधाच्या बाटल्या. मी आले की दीर दवाखान्यात जात, आणि मग संध्याकाळपर्यंत माडीवर आम्ही दोघीच — मी आणि ती. प्रत्येक बाटलीला चिकटपट्टी लावलेली, तीवर वीणाच्या वेड्यावाकड्या अक्षरात वेळ. पोटाला टाके, हाताला सलाइन, आणि ही बाई उशीला टेकून पंप दाबते आहे. वॉर्डातली सिस्टर तिला ज़िद्दी म्हणायची, आणि तिच्या उशा मात्र नीट करून द्यायची. पहिले दोन दिवस मी ते दूध रेवाला पाजलं. चांदीच्या बोंडल्याने, थेंब न सांडता. हे खरं आहे. हे मी स्वतःला पुष्कळदा सांगते. दोन दिवस.

तिसऱ्या दिवशी कावडवाल्यांची गर्दी होती, रस्ते बंद. मी घरी पोचले तेव्हा तीन वाजून गेले होते. रेवा रडून रडून निळी पडली होती. दीर तिला माझ्याकडे देऊन घाईने निघून गेले. बर्फाचा डबा माझ्या पायाशी होता. झाकण उघडायला कितीसा वेळ लागणार होता? मी तो उघडला नाही. मी तिला पदराआड घेतलं. उगीच. क्षणभर गप्प बसावी म्हणून. खरंच तेवढ्यासाठी का? मला अजून ठाऊक नाही.

तिने धरलं. एकदम घट्ट धरलं, आणि रडं थांबलं. इतकी शांतता झाली की खाली सासऱ्यांच्या माळेचे मणी सरकलेले ऐकू येत होते. तिचे डोळे उघडे होते. ती माझ्याकडे बघत नव्हती, माझ्या मागे बघत होती. तिथे भिंत होती, आणि भिंतीवर घड्याळ. साडेतीन वाजले होते.

दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यात गेले तर वीणा खुशीत होती. "ताई, काल साडेतीनला पीत होती ना ती? मला एकदम पान्हा फुटला. सगळा गाऊन भिजला."

मी हो म्हटलं. योगायोग म्हणा. मीही तेच म्हटलं. पण मग त्या दुपारी मी रेवाला मुद्दाम बाराला जवळ घेतलं, भूक लागायच्या आधी. दुसऱ्या दिवशी वीणाने विचारलं, काल बारालाच कसं पाजलंत? त्यानंतर मी वेळा बदलत राहिले. सव्वा एक, पाच, चार. ती रोज बरोबर तीच वेळ सांगायची आणि बाळाचं आपल्याशी किती जुळलंय म्हणून डोळे पुसायची. तिचा पान्हा फुटत होता, लेक दूध पिते आहे म्हणून. आणि लेक तेव्हा माझ्या कोरड्या अंगाशी असायची. भीती वाटायला हवी होती ना? वाटत होती. तरी मी थांबले नाही.

आता जे सांगायचं टाळत होते ते.

पोट भरलेलं बाळ कोरडी छाती कशाला धरेल? वीणाचं दूध प्यायली की रेवा तृप्त व्हायची, मान वळवायची आणि झोपून जायची. उपाशी असली तरच ती माझी असायची. म्हणून मी तिला उपाशी ठेवलं. पाच महिन्यांच्या पोरीला. अगदी हातपाय गाळेपर्यंत नाही, मला हिशेब बरोबर कळत होता. रडं चढलं की जवळ घ्यायची, आणि चमच्याने बाजारच्या डब्याचं, पावडरीचं दूध छातीवरून ओघळू द्यायची, थोडं थोडं, म्हणजे ती सोडणार नाही.

आणि वीणाचं दूध? घरातल्या मोरीत ओतायला मला भीती वाटे. आईचं दूध मुंग्यांनी खाल्लं तर ते आटतं असं आमच्याकडे म्हणतात. मग मी दवाखान्यातून येताना संकठाजीच्या गल्लीने खाली घाटावर जायची. पाणी चढलेलं होतं, निम्म्याहून जास्त पायऱ्या पाण्याखाली. मातकट पाणी आवाज न करता वर येत असतं तेव्हा. मी शेवटच्या कोरड्या पायरीवर बसून एकेक बाटली उघडायची आणि गंगेत सोडायची. या गावात पाण्यात दूध सोडणाऱ्या बाईकडे कोण बघतं? मांजर डोळे मिटून दूध पितं, मला तर डोळे मिटायचीही गरज नव्हती. उलट लोक बाजूला होऊन जागा द्यायचे. एकदा फुलं विकणारी म्हातारी जवळ आली, माझ्या गळ्यात इथल्या लेकुरवाळ्या घालतात तो जिउतियाचा दोरा नाही आणि डोळे भरलेले, हे बघून काय समजायचं ते समजली. माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, "गंगा मइया तोहार गोद भरें." मी तिला वाकून नमस्कार केला. पाण्यातलं दूध लगेच विरलं नव्हतं. ते पायरीशीच, माझ्या पायांजवळ घुटमळत होतं.

रिकाम्या बाटल्या मी धुऊन परत न्यायची. वीणा त्या उजेडात धरून बघायची. "सगळं प्यायली?"

"थेंब ठेवला नाही," मी म्हणायची.

सातव्या दिवशी दुपारी रेवाला बाजूला केलं तर माझ्या ब्लाउजवर ओलं होतं. डब्याचं दूध सांडलं असेल. पण मी त्या दिवशी डबा उघडला नव्हता अजून. मी बोटाने दाबून पाहिलं. एक थेंब आला, पिवळट, घट्ट. बोटावर धरून मी खिडकीशी उभी राहिले, आणि तुम्हाला खोटं सांगत नाही, इतका आनंद मला आयुष्यात कधी झाला नाही. लग्नातसुद्धा नाही. मी हसत होते. एकटीच, मोठ्याने.

दुसऱ्या सकाळी वीणा भिंतीकडे तोंड करून पडली होती. म्हणाली, "ताई, काल दिवसभर काही कळलंच नाही. पान्हा आला नाही. रेवा बरी आहे ना?"

त्या दिवशी बाटलीत दोन चमचे दूध निघालं. त्याच्या पुढच्या दिवशी तेवढंही नाही. सिस्टर म्हणाली, टेन्शनने होतं. मी वीणाच्या केसांतून हात फिरवत बसले होते. ते दोन चमचेही मी पायरीवर जाऊन सोडून आले. का? आता तर मला गरज नव्हती. तरी सोडले.

दहाव्या दिवशी ती घरी आली. टाके ओले, तरी आल्या आल्या पदर बाजूला करून बसली. रेवाने तोंड लावलं नाही. किंचाळून मान फिरवली आणि माझ्याकडे हात टाकले. वीणाने आठ दिवस प्रयत्न केला. मध लावून, गाणी म्हणून, अंधार करून. मी दाराआडून ऐकायची. शेवटी तिने मला विचारलं, असं का होतंय, ताई? आणि मी, जिने त्या डॉक्टरीणबाईंचं बोलणं शब्द न शब्द ऐकलं होतं, म्हटलं, "भुलीचं औषध दुधात उतरतं गं. चव पालटते. बाळांना बरोबर कळतं."

ती म्हणाली, पण डॉक्टर तर चालेल म्हणाल्या होत्या. मी म्हटलं, डॉक्टर पुस्तकातलं सांगतात. अंगावर पाजणाऱ्या बायकांना विचार. जसं काही मी चार लेकरांची आई.

तिने ते मानलं. माझा तो एक थेंब पुन्हा कधी आला नाही. रेवा डब्याच्या दुधावर वाढली, आता नऊ वर्षांची आहे, झोपते माझ्यापाशी. तिला खोकला झाला तरी वीणा म्हणते, माझं दूध नाही ना मिळालं तिला, मीच घाई केली ऑपरेशनची. नऊ वर्षं म्हणते आहे. मी काढा उकळून देते. अजूनही घाटावर कुणी पाण्यात दूध सोडलं की माझ्या छातीत ओढ लागते, बाळाने धरावं तशी, आणि मला तिथून लवकर हलता येत नाही.

इथवर झालं ते झालं असं म्हणता आलं असतं. पण ते संपलेलं नाही.

या हिवाळ्यात, मागच्या महिन्यात, आम्ही दोघी निमोन्यासाठी, म्हणजे इथल्या वाटल्या मटारच्या रश्श्यासाठी, मटार सोलत बसलो होतो. समोरच्या मराठी घरची सून आली. चार महिन्यांचं बाळ खांद्यावर. तिच्या पोटात गाठ निघाली आहे, डॉक्टर म्हणतात लगेच काढू, थांबू नका. तिला वीणाला विचारायचं होतं, कारण वीणाचं असंच झालेलं गल्लीला ठाऊक आहे. वीणाने तिचा हात हातात घेतला. म्हणाली, माझं ऐक, बाळाचं दूध सुटेपर्यंत थांब. मी भोगलंय. भुलीने दूध नासतं.

माझ्या मांडीवर मटारची सालं होती. मी पुढची शेंग सोलायला घेतली.

जाताना मी त्या मुलीला जिन्यापर्यंत पोचवायला गेले. तिथे आम्ही दोघीच होतो. ती थांबली. म्हणाली, "मोठ्या काकू, तुम्ही तेव्हा घरातच होता ना. खरंच असं होतं?"

मी म्हटलं, "आमच्या रेवाने तोंड लावलं नाही, एवढं मी डोळ्यांनी पाहिलंय."

तिने मान हलवली आणि बाळाला सावरत खाली उतरली. परवा वीणाने सांगितलं, तिने ऑपरेशनची तारीख पुढे ढकलली आहे. मी ऐकून घेतलं.