फुंकू नका, नुसतं धरा म्हणे!

मंडळी, आज डोकं फिरलंय माझं!

सकाळी सरांसोबत बुलढाण्याला लग्नात वाजवायला गेलो होतो. सर म्हणजे धाडचे आमचे गुरुजी. बासरी, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन, सगळं वाजवतात. पुण्यात वर्षानुवर्षं जॅझ शिकवून गावी परतले, आता आम्हाला शिकवतात.

वरात निघताना नवरदेवाचा काका सरांना म्हणतो, "सर, फुंकू नका. गाणं डीजेवर लागते. तुम्ही नुसतं तोंडाले लावून डोलत राहा, रील भारी येते."

"मंग मले काऊन बोलावलं?" एवढंच विचारून सरांनी सॅक्सोफोन पेटीत ठेवला आणि निघाले.

काका मागून ओरडला, "बरं, तुम्ही जा. ते वाद्य तं ठेवून जा! आमचा कोणताही पोट्टा धरते."

कोणताही पोट्टा! सांगा, तुम्ही गप्प बसला असता?