माझे गाल आणि आईची आई

पाळी गेली तेव्हा मला हायसं वाटलं. सुटले बाई एकदाची! पण पुढच्या दोन-तीन वर्षांत गाल जबड्याखाली उतरले, आणि एका सकाळी रहाटणीच्या आमच्या फ्लॅटमध्ये माझ्या आईनं मलाच "आये" म्हणून हाक मारली.

आई ब्याऐंशीची, मूळची भोसरी गावठाणातली. हल्ली तिला माणसं ओळखू यायची नाहीत, त्यात मला ती स्वतःची आई समजायला लागली. आजीला जाऊन चाळीस वर्षं झाली, पण तिचेही गाल असेच लोंबायचे. घरात सगळ्यांना गंमत वाटायची. माझं मात्र डोकं फिरायचं. न्हाऊ मी घालायचं, भरवायचं मी, आणि नाव आजीचं! आईच्या लेखी मी उरलेच नव्हते, ते मला फार लागायचं.

म्हणून आकुर्डीला एका डॉक्टरीणबाईंकडे गेले. गालातून बारीक दोरे घालून कातडी वर ओढतात, असं ऐकलं होतं. आमचे हे म्हणाले, या वयात हे काय खूळ? मी म्हटलं, तुम्ही केस काळे करता तेव्हा मी विचारते का?

बाईंनी तोंडभर पेनानं रेघा मारल्या, भुलीची इंजेक्शनं दिली. दुखलं नाही, पण दोरा आत सरकताना कानाशी करकर जाणवायची, तेवढं नको वाटलं. मग पथ्यं: तीन आठवडे उताणं झोपायचं, कडक चावायचं नाही, तोंड मोठं उघडायचं नाही, ओरडायचं तर नाहीच. शेवटचं ऐकून यांचा चेहरा खुलला. मी भोसरीत एका वर्कशॉपच्या डिस्पॅचला आहे. तिथं मशीनच्या आवाजात ओरडल्याशिवाय कुणी वळून बघत नाही. तीन आठवडे टाळ्या वाजवून टेम्पो भरून घेतले आणि घरी येऊन मऊ भात खाल्ला.

सूज उतरली. एका रविवारी आईला चहा पाजत होते. तिनं माझ्याकडे निरखून पाहिलं आणि म्हणाली, "आलीस व्हय गं कंपनीतनं?" मला रडूच फुटलं. दोऱ्यांमुळे ओळखलं की तिचा तो दिवसच बरा होता, कोण जाणे. पण ओळखलं. लगेच बोलणीही सुरू झाली: चहा गोडमिट्ट, चपात्या जाड, घरी यायला उशीर. मी खुशीत ऐकून घ्यायची.

महिनाभरानं अंघोळ घालताना ती दाराकडे बघायला लागली.

"माझी आय कुटं गेली? हितंच व्हती की. लई मायेनं करायची गं माझं."

मी म्हटलं, मी करतेय ना.

"तुला न्हाई जमायचं तिच्यावानी."

एरवी मी फाडकन बोलले असते. पण तिचे डोळे भरले होते. हे दोरे विरघळतात, वर्षभरात गाल पुन्हा खाली येतात, असं डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगितलं होतं. मी टॉवेलनं तिची पाठ पुसली.

"येईल गं," म्हटलं. "वर्षभरात येईल."