पॅसेजमधल्या दिव्यांना नमस्कार

आमच्या मुलुंडच्या फ्लॅटमध्ये एका आठवड्यात एखाद्या देवळात होतात त्याहून जास्त नमस्कार झाले, आणि त्याला सर्वस्वी मी जबाबदार आहे.

त्याचं असं झालं. आई अंधाऱ्या पॅसेजमध्ये घसरली. नशीब, हाडं शाबूत राहिली! पण डॉक्टरांनी बजावलं, "पुन्हा पडल्या तर खुब्याचं हाड जाईल. मग चालणं विसरा." आई त्र्याऐंशीची, मूळची वेंगुर्ल्याची. संध्याकाळी काठी टेकत स्वतःच्या पायांनी गॅलरीत जायचं आणि येऊरचे डोंगर निळे होताना बघत बसायचं, हे तिचं सुख. ते जाता कामा नये, असं मी ठरवलं. (मी काही ठरवलं की माझी बायको सुनंदा आधी कपाळाला हात लावते.)

मी सेन्सरचे दिवे आणले. माणूस आला की आपोआप लागतात, गेला की विझतात. आईच्या पलंगापासून गॅलरीपर्यंत भिंतीच्या तळाशी रांगेने बसवले. स्विच शोधायला नको, चाचपडायला नको. उजेडही कसा, साजूक तुपासारखा पिवळा, डोळ्यांवर न येणारा. पहिल्या संध्याकाळी आई निघाली आणि तिच्या पुढेपुढे एकेक दिवा उमलू लागला. मला भरूनच आलं हो! वाटलं, ही आता अशीच चालत चालत थेट माहेरच्या अंगणात पोचणार.

ती पॅसेजच्या पहिल्याच दिव्यापाशी थांबली. काठी भिंतीला टेकवली, दोन्ही हात जोडले आणि डोळे मिटले.

"आई, काठी!" मी किंचाळलो.

"दिवो लागलो ना रे झिला. हात जोडूचे नाय?"

तिन्हीसांजेला दिवा लागला की हात जोडायचे, मग ती समई असो नाहीतर ट्यूबलाइट, हे आमच्या घरात आजवर कोणी चुकवलेलं नाही. आणि मी शहाण्याने तिच्या वाटेत दिव्यांची रांगच मांडली होती! पुढचं पाऊल, पुढचा दिवा, पुन्हा काठी भिंतीला. आधार सोडून, डोळे मिटून, मंद डुलत उभी. म्हणजे पावलागणिक पडायची सोय मीच करून ठेवली होती.

त्यात आई इतकी तल्लीन होऊन उभी राहायची की सेन्सरला वाटायचं, इथे कोणी नाहीच. दिवा विझायचा. आई डोळे उघडायची, हलायची, की तो परत लागायचा. परत नमस्कार! गॅलरीत पोचेपर्यंत डोंगर काळे झालेले असायचे.

अशाच एका संध्याकाळी शेजारच्या सावेकाकू आल्या. "अय्या, झकास दिसतंय हो!" म्हणाल्या आणि त्यांनीही चपला काढून हात जोडले. आता पॅसेजमध्ये दोन म्हाताऱ्या, मागे त्यांना सावरायला हात पसरून मी, आणि स्वयंपाकघराच्या दारात सुनंदा.

"वाट लावलीस ना सगळ्याची?" ती म्हणाली.

"मग दिवे कायमचे चालूच ठेवतो!"

हे ऐकून आईचा चेहरा उतरला. "मगे तिन्हीसांज झाली ह्या माका कळतला कसा?" इतक्या हळू आवाजात विचारलं तिने, की मी तो बेत तिथेच सोडला.

शेवटी सुनंदाने तिच्याशेजारी गॅलरीत बसून तिला समजावलं. "आई, तुमच्या पलंगापाशी लागतो तो खरा दिवा. त्याला बसल्या बसल्या हात जोडा. पॅसेजमधली सगळी त्याची पोरं. पोरांना कोणी हात जोडतं का?"

आईने वळून पॅसेजकडे पाहिलं. मग गोड हसली. "खरा हां! पोरांका नुसता लाडान बघूचा."

दुसऱ्या दिवसापासून पलंगावर बसून एक रीतसर नमस्कार, मग काठी घट्ट धरून आई निघायची. प्रत्येक दिव्याकडे बघून मान डोलवायची, लग्नात पाहुण्यांची विचारपूस करत फिरावं तशी. तो पिवळा उजेड, तिची ती संथ चाल... मी बघतच राहायचो. जीव भांड्यात पडला होता माझा.

पण आठवडाभर तिच्या मागे फिरून माझ्याही हातांना वळण लागलं होतं, ते कोणाच्याच लक्षात आलं नाही. परवा संध्याकाळी मी चहाचा ट्रे घेऊन गॅलरीकडे निघालो. पायाशी दिवा लागला आणि माझे दोन्ही हात आपोआप जोडले गेले! ट्रे खाली, चहा लादीवर, आणि चहावर मी. आई काठी टेकत स्वतःच्या पायांनी मला बघायला आली.

घोट्याला प्लास्टर घालताना डॉक्टर वैतागून म्हणाले, "काय हो, घरात धड उजेड नाही का?"

"आहे ना," मी म्हणालो. "त्यातच पडलो."