सोजरबाईचं विरजण

तर काल मी सांगत होतो, सोजरबाईनं हात घातला आणि मडकं निघालं रिकामं! खरवडून पुसल्यासारखं.

काल जे नव्हते त्यांच्यासाठी सांगतो. कसबा पेठेतली ही गवळीण. माहेर लोणी काळभोर, माझ्याच गावची. लग्नात आईनं वाटीभर दही दिलं होतं. रोज त्यातलंच पळीभर राखून दुसऱ्या दिवशीचं दूध विरजायचं, असा वीस वर्षांचा नेम. आळीला विरजण हिनं द्यावं, हिनं मात्र कुणाकडं मागितलं नाही. तोरा होता तो!

त्या दिवशी दसरा. मांजरी गावचे पाहुणे श्रीमंतांची स्वारी बघायला आलेले. हत्ती बघितले, सोनं वाटलं, आणि जेवताना "वहिनी, दही वाढा" करत मडकं संपवलं. हत्तींच्या कौतुकात बाई राखायचं विसरली. संध्याकाळी दूध तापवून कोमट केलं, तेव्हा ध्यानात आलं.

बाई मटकन बसली. "झालं! आईचं दही गेलं. नेम मोडला. आता दह्याचा धंदाच बंद."

नवरा गेनबा म्हशीला चारा घालत होता. म्हणाला, "बरं हाय. म्हशीला सांगू का, उद्यापासनं दूध देऊ नगंस म्हणून?"

हसावं की रडावं! तिकडं दूध गार व्हायला लागलेलं. गार झालं की दही धरत नाही. बाई पदराखाली वाटी लपवून उठली आणि समोरच्या मंदाकिनीबाईंच्या दारात उभी राहिली. वाटी तेवढी पुढं केली.

मंदाकिनीबाई अस्सल पुणेरी. "वाटी दाखवायला आणलीत, की भरून हवीय?"

"इरजान... पळीभर."

"अहो, मग लाजता काय? तुमचंच आहे. सहा वर्षांपूर्वी तुम्हीच दिलेलं."

"म्हंजे माझ्या आईचंच?"

"हो. मध्ये तीनदा माझ्याकडून मोडलं, तीनदा तुमच्याच दारी आले. तेव्हा तुम्ही मला काही बोललात?"

"न्हाई बा."

"मग स्वतःलाच का बोलताय? इथवर ऐकू आलं सगळं. चला, दूध गार होतंय!"

बाई भरली वाटी घेऊन पळतच घरी आली आणि दूध विरजलं. सकाळी मडकं उलटं केलं तरी हलणार नाही असं दही लागलं होतं. मीच दोन वाट्या खाल्ल्या, खोटं कशाला सांगू!

तोंड पुसता पुसता मला चेष्टा सुचली. म्हटलं, "सोजरताई, वीस वर्षांचा नेम मोडला की गं. आता मोजायला पहिल्यापासनं सुरुवात का?"

तिनं आधी पळीभर दही छोट्या वाटीत काढून फळीवर ठेवलं, मग माझ्याकडं वळून म्हणाली,

"मोजत बस तू. माझी म्हस सांजच्याला पुन्ना दूध देणार हाय."